निरोप्याचा फेटा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर गवार मोडत बसलो होतो. निवृत्त माणसाला घरात जी कामं मिळतात त्यातलं हे जरा वरच्या दर्जाचं. संपादक म्हणाले, "आप्पा, एका कामगार नेत्याचे अनुभव असा लेख हवाय. तत्त्वं, ध्येयधोरणं, लढे, सगळं येऊ द्या."

मी म्हणालो, "आमच्या युनियनला नेता नव्हता."

"हा तुमचा विनय झाला."

"विनय नाही हो, नियम होता."

ते हसले. "बरं, लेखाबरोबर एक फोटो पाठवा. फेट्यातला असला तर उत्तम."

फेट्यातला माझा एकच फोटो आहे. तो मी पाठवलेला नाही. तो कसा काढला गेला आणि त्याचं पुढं काय झालं, एवढंच लिहून पाठवतोय. तत्त्वं आणि ध्येयधोरणं त्यातच येतील, कारण ती सगळी त्या एका फेट्यात अडकली.

मी मूळ कोरेगावचा. शेती भावाकडं, मी शिरवळला एका कारखान्यात फिटर. आमच्या कारखान्यात पंपाची ओतीव कवचं तयार होत. ओतकाम बाहेरून यायचं. आम्ही ते घासायचं, छिद्रं पाडायची, जुळवायचं आणि पाणी सोडून गळतं का बघायचं. जगातली निम्मी कामं गळतं का बघण्याचीच असतात, असं माझं मत आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. एचआरच्या साहेबांचंही नाही, कारण माणूस अजून नोकरीत आहे आणि बोलायला गोड आहे.

नेता नसलेली युनियन ही कल्पना आम्हाला कुठल्या पुस्तकातून मिळाली नाही. ती मला सांगलीच्या हळदीच्या बाजारात मिळाली. आयटीआयला नंबर लागायच्या आधी दोन हंगाम मी तिथं मामाच्या हाताखाली पोती उचलली. दत्तूमामा हमाल होता. त्याच्या टोळीत चौदा माणसं होती आणि मुकादम नव्हता. इतर टोळ्यांना होता, यांनी ठेवलाच नव्हता. गाडी आधी कुणाची खाली करायची, जेवायला कधी बसायचं, पोतं ओलं असेल तर उचलायचं की नाही, हे सगळं चौदा जण गोल करून ठरवायचे. वेळ जायचा, आरडाओरडा व्हायचा, पण ठरलं की ठरलं.

एकदा एका अडत्यानं टोळीतल्या म्हाताऱ्या हमालाला फाटलेल्या पोत्यावरून आईवरून शिवी दिली. मला वाटलं आता मारामारी होणार. कुणी हातसुद्धा उगारला नाही. ज्याच्या पाठीवर जे पोतं होतं ते त्यानं होता तिथं खाली ठेवलं. एक गाडीच्या फळीवर, एक काट्यावर, दोन अडत्याच्या पेढीच्या दारात. अडत्या आत, हळद दारात, आणि चौदा जण समोर सावलीला बिड्या ओढत बसलेले. तो आतून ओरडला, "तुमचा मुकादम कोण हाय? त्याला पाठवा, मिटवून टाकू."

मामा म्हणाला, "मुकादम न्हाई आमाला."

"मग बोलायचं कुणासंगं?"

"सगळ्यांसंगं बोला की. आमी काय मुकं हाय व्हय?"

त्या अडत्याची खरी पंचाईत माझ्या तेव्हा लक्षात आली. एका माणसाला आत बोलावून, चहा पाजून, खांद्यावर हात टाकून तो मोकळा झाला असता. तसा माणूसच नव्हता. शेवटी त्याला पोत्यांवरून उडी टाकून बाहेर यावं लागलं आणि चौदा जणांपुढं हात जोडावे लागले. माझ्यापुढंही जोडले, आणि मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. घाम पिवळा यायचा त्या दिवसांत. हळद अंगातून जात नसे. त्याहून जास्त ती गोष्ट अंगात मुरली.

शिरवळला आमच्या कारखान्यात आधी रीतसर नेता होता. बाहेरचा, पांढऱ्या गाडीतून येणारा. तो गेटवर भाषण करायचा आणि आत जाऊन सही करायचा. भाषणातलं आणि सहीतलं काही जुळायचं नाही. तिसऱ्या वेळी असं झालं तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी मामाच्या टोळीची गोष्ट सांगितली. ऐकणाऱ्यांत स्टोअरचे क्लार्क होते, वाईचे. त्यांना आम्ही सर म्हणायचो, कारण ते डबा खातानाही वाचायचे. ते एकदम चमच्यासकट उभे राहिले. "अहो आप्पा, याला जगात नाव आहे! सिंडिकॅलिझम!"

मग ते रोज सुट्टीत समजावू लागले. नेता नाही, पक्ष नाही. जो काम करतो त्यानंच ठरवायचं. गेटच्या आत जो घाम गाळतो, तो पर्मनंट असो, कंत्राटी असो, झाडूवाला असो, सगळ्यांची मिळून एकच युनियन. अर्जविनंत्या करायच्या नाहीत. हातात काम आहे, तेच हत्यार. आणि शेवटचं ध्येय पगारवाढ नाहीच, तर एक दिवस मालकाशिवाय कारखाना आपणच चालवायचा.

"आन मालक काय करनार?" हवालदारानं विचारलं.

हवालदार म्हणजे हवालदारच. फौजेतून निवृत्त होऊन आमच्यात घासकामाला आलेला, मिशीला अजून तेल लावणारा. आमच्यात असे पुष्कळ होते. आमच्या बाजूला घरटी एक तरी फौजेत असतो आणि तो परत आला की शिरवळला लागतो. नेता नसलेल्या युनियनमध्ये निम्मे फौजी असणं म्हणजे काय हे सरांच्या पुस्तकात नव्हतं. हवालदाराचा पहिलाच प्रश्न होता, "सर, कमांड कोन देनार?"

"कुणीच नाही."

"मंग सावधान कवा व्हायचं?"

पण नियम एकदा समजल्यावर त्याच्याइतका कडक पाळणारा दुसरा कोणी निघाला नाही. नियम असे ठरले. दर तीन महिन्यांनी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. जिचं किंवा ज्याचं नाव निघेल तो निरोप्या. निरोप्यानं साहेबांकडं गेटचा, म्हणजे गेटवर जमणाऱ्या सगळ्यांचा, निरोप न्यायचा आणि साहेबांचा निरोप गेटवर आणायचा. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. म्हणायचं फक्त, "विचारून सांगतो." संगतीला एक साक्षीदार, त्यानं तोंडच उघडायचं नाही. निरोप्यानं हार, शाल, नारळ घ्यायचा नाही. आणि गेटला वाटलं तर निरोप्याला कधीही खाली बसवायचं.

युनियन नोंदवायला कायद्याला अध्यक्ष आणि सेक्रेटरी लागतात. तेवढ्यापुरती दोन नावं कागदावर घातली. अध्यक्ष आपण आहोत हे त्या अध्यक्षाला माहीत होतं, यापलीकडं त्याला अधिकार नव्हता. एकदा चौकशीला आलेल्या फौजदारानं विचारलं, "तुमचा म्होरक्या कोण?" तर गेटवरचे सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तो वैतागून म्हणाला, "आवं, कुणाला तरी बसवा की राव खुर्चीवर, मला लिवायला नाव पायजे!" शेवटी त्यानं काय लिहिलं माहीत नाही.

तर अशी दोन-तीन वर्षं बरी गेली. मग कारखान्यात चहाची मशीनं यायची ठरली.

आमच्या कँटीनमध्ये सहा बायका होत्या, कंत्राटी. त्यांच्यात थोरली निलव्वा. जतकडची, तिकडं निम्मं घर कानडी बोलतं. लग्न होऊन शिरवळकडं आलेली. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. नवरा गेलेला, मुलगी नर्सिंगला शिकत होती. अक्का चहा करायची आणि वर तोंडही करायची. "आप्पा, कालच्यागत तोंड करून येऊ नका, दूध नासतं," असं सकाळी सकाळी ऐकलं की मशीन बरं चालायचं. हिशेब असा होता की बटण दाबलं की चहा येणार, म्हणून सहा बायका नकोत. एचआरचे साहेब म्हणाले, "त्या आपल्या कामगार नाहीतच. कंत्राटदाराच्या आहेत."

गेटनं ठरवलं, त्या आपल्याच. संप नाही करायचा, कारण संपाची साहेबांनी तयारी ठेवली होती. त्याऐवजी सगळ्यांनी कंपनीचं पिवळं सेफ्टीचं पुस्तक पाळायचं.

प्रत्येक मशीनपाशी ते पुस्तक दोरीला टांगलेलं असे. छत्तीस वर्षांत ते उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आता रोज सकाळी हवालदार ते मोठ्यानं वाचायचा आणि आम्ही तसंच करायचो. फोर्कलिफ्टनं वळणावर थांबून भोंगा वाजवायचा आणि समोरून हात दाखवल्याशिवाय हलायचं नाही. घासायचं चाक लावायच्या आधी, तडा गेलेला नाही ना हे कळायला, लाकडानं टिचकी मारून आवाज ऐकायचा. आवाज शंकास्पद वाटला तर दुसऱ्याला ऐकवायचा. आम्हाला सगळेच आवाज शंकास्पद वाटायला लागले. लेखी परवाना असल्याशिवाय क्रेन हलवायची नाही, आणि परवान्यावर सही करणारे साहेब सापडत नसत. आठ दिवसांत माल निम्मा निघायला लागला. तक्रार कशाची करणार? सेफ्टी ऑफिसरला तर आमचं लेखी अभिनंदन करावं लागलं. बिचाऱ्यानं ते रडवेल्या तोंडानं केलं.

निरोप्या तेव्हा मी होतो. माझी चिठ्ठी निघाली होती. मी दोनदा आत गेलो, दोनदा "विचारून सांगतो" म्हणून बाहेर आलो. साहेब जेरीला आल्याचं दिसत होतं. अजून दोन आठवडे काढले असते तर मशीनांचा विषय त्यांनी स्वतःच गुंडाळला असता. हे माझं आजही मत आहे आणि म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो.

मध्ये खंडेनवमी आली. बाहेरच्यांसाठी सांगतो: दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही मशीनांची पूजा करतो. ज्या यंत्राला वर्षभर शिव्या दिल्या त्याला पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून हात जोडायचे. त्या दिवशी भांडण नसतं. साहेब लोक खाली येतात, बायकामुलं कारखाना बघायला येतात. माझी बायकोही आली होती.

पूजा झाली आणि साहेब माइकवर म्हणाले, "आज एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा आपण मान करूया. आप्पा, या." शाल असती तर मी नाही म्हणालो असतो, नारळ असता तर तो मशीनपुढं ठेवला असता, तेवढा मी सावध होतो. पण त्यांनी फेटेवाला बोलावला होता. मी "नको नको" म्हणेपर्यंत त्यानं मला खुर्चीवर बसवून पहिला वेढा दिलाही होता.

फेटा ही अशी गोष्ट आहे की ती बांधत असताना उठता येत नाही. लांबलचक कापड, एक टोक त्याच्या हातात, दुसरं तुमच्या डोक्यावर. अर्ध्यात उठलं तर सणाच्या दिवशी, बायकामुलांपुढं, देव मांडलेल्या जागी फेटा मातीत पडणार. आमच्याकडचा कुठलाही माणूस हे करू शकत नाही. गोळी घालतो म्हटलं तर उठेल, फेटा बांधताना उठणार नाही. साहेब सातारचेच होते. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

हे झालं माझं समर्थन. आता खरं सांगतो. मला बरं वाटलं. छत्तीस वर्षं डोक्यावर हेल्मेट घातलेल्या माणसाच्या डोक्यावर केशरी फेटा चढला, तुरा निघाला, समोर माणसं टाळ्या वाजवत होती, आणि मला वाटलं, असू दे, नियम माणसांसाठी आहेत. फोटोसाठी मी हसलो. कुणी हस म्हटलं नव्हतं.

खाली उतरल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आधी ते डोक्यावरचं उतरवा."

फोटो घरी पोचायच्या आत सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला होता. खाली ओळ होती, 'कामगार नेते आप्पा यांचा सत्कार. कँटीन प्रश्न मार्गी.' कुठला मार्ग ते लिहिलं नव्हतं. मी कशालाही हो म्हटलं नव्हतं, कशावर सही केली नव्हती. पण आमच्या भागात सत्कार हा तोडगा निघाल्यावर होतो. त्याआधी होत नाही. तेव्हा फोटो बघून प्रत्येकाला जे वाटायचं तेच वाटलं.

दसऱ्यानंतर पहिल्या पाळीला चार चहाची मशीनं घेऊन टेंपो गेटात आला. आमच्याच क्रेनवाल्यानं ती उतरवली, परवाना न विचारता. मला बघून त्यानं वरून अंगठा दाखवला. म्हणाला, "झकास केलंसा, आप्पा!" पिवळी पुस्तकं परत दोरीला टांगली गेली होती. मी धावत कँटीनमध्ये गेलो. अक्का भांडी पुसत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कशावर मिटवलं, आप्पा?"

मी म्हणालो, "मिटवलं नाही अक्का, काहीच मिटवलं नाही."

"मंग फेटा कशाचा?"



संध्याकाळी गेटवर सगळे बसले. मी आपण होऊन उठलो आणि जे झालं ते सांगितलं. मला खाली बसवायचा ठराव हवालदारानं मांडला. माझा वीस वर्षांपासूनचा मित्र, पण आवाज परेडचा. "आप्पा मानूस सोन्यासारका हाय. पर नियम मोडला. खाली बसा, आप्पा." मी बसलो. तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. लगेच नवी चिठ्ठी काढली. डबा हलवला, सरांनी कागद उघडला आणि दोनदा वाचला. मग म्हणाले, "निलव्वाअक्का."

नियमानं गेटच्या आतले सगळे एक होते, म्हणून कँटीनच्या सहा चिठ्ठ्या पहिल्यापासून डब्यात असायच्या. त्यातली एखादी निघू शकते हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही तत्त्वाला मनापासून मानत होतो, फक्त ते खरं होईल असं धरून चाललो नव्हतो.

अक्का दुसऱ्या दिवशी आत गेली, साक्षीदार म्हणून हवालदार. साहेबांनी तिला खुर्ची दिली. म्हणाले, मशीनं तर आली, आता ती जायची नाहीत. पण दूध-साखर भरायला, मशीनं पुसायला एक माणूस लागणार. ती जागा अक्काला. कंत्राटी नाही, कंपनीच्या पटावर, कायम. बाकी पाचजणींनी जायचं. आत्ता सही करा.

मुलगी शिकत असलेल्या बाईपुढं ही गोष्ट ठेवली होती. हवालदार सांगतो की तिचा हात पदराच्या काठावर फिरत होता. मग ती म्हणाली, "इचारून सांगते."

"अहो, तुमच्याच नोकरीबद्दल बोलतोय मी. कुणाला विचारणार?"

"गेटला."

गेटवर येऊन तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. स्वतःचं काही घातलं नाही, काही गाळलं नाही. बाकीच्या पाचजणी तिच्या मागंच उभ्या होत्या.  सगळे आपापल्या बुटांकडं बघत होते. मग एक जण म्हणाला, "एक तर वाचती हाय न्हवं." दुसरा म्हणाला, "सनासुदीला परत ते पुस्तक धरून कुठं बसायचं गड्या." कुणी तरी म्हणालं की मशीन आत आलंय आता, इलाज नाही. मशीन कुणामुळं आत आलं हे कुणी म्हणालं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. सर तेवढे उठले आणि म्हणाले, पाचजणींना सोडून एकीला घेणं हे आपल्या तत्त्वात बसत नाही. लोकांनी ऐकून घेतलं. सरांचं नेहमीच ऐकून घेत.

मग हात वर करायला सांगितले. मान्य म्हणणाऱ्यांचे.

माझा हात वर गेला. मला तो विषय संपायला हवा होता. जोवर कँटीनचा प्रश्न जिवंत होता तोवर माझा फेटा जिवंत होता, आणि मला तो पुरायचा होता. मी स्वतःला सांगितलं की अक्काच्या मुलीचं भलं होईल. माणूस स्वतःला किती सभ्यपणे फसवू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. बहुमतानं मान्य झालं. पाचजणी मागच्या मागं कँटीनकडं वळल्या.

पुढचं हवालदाराच्या तोंडून ऐकलेलं. अक्का आत गेली, उभी राहूनच म्हणाली, "गेटचा निरोप, मान्य हाय." साहेबांनी कागद पुढं केला, पेन उघडून दिला. अक्कानं अंगावरचा कँटीनचा एप्रन सोडला, घडी घातली आणि त्या कागदावर ठेवला.

"निरोप सपला, सायेब. आता हे माजं सोताचं. मी येनार न्हाई."

"का पण? एवढी चांगली जागा!"

"बटान दाबायला मी कशाला?"

साक्षीदारानं तोंड उघडायचं नाही हा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडावासा वाटला, असं हवालदार म्हणतो. मोडला नाही. पण बाहेर येताना त्यानं तिला सॅल्यूट केला. तो फौजेतला, उगाच कुणाला करत नाही.

महिन्याभरात सहाजणींनी गेटसमोर, सर्व्हिस रोडच्या कडंला कडुनिंबाखाली टपरी टाकली. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, एक मोठी शेगडी. रोज सकाळी सहा चिठ्ठ्या टाकतात: चुलीवर कोण, कपबशा कोण, बाजार कोण. येईल ते सहा वाटे. भावबीजेला सुट्टी घ्यायची की नाही यावर दोन दिवस गोल करून भांडल्या आणि घेतली. टपरीला नाव नाही, पाटी नाही. परवान्याचा माणूस आला आणि त्यानं विचारलं, "मालक कोण?" तेव्हा सहाजणी एकदम म्हणाल्या, "आमीच की." तो म्हणाला, "एक नाव सांगा." त्यांनी सहा सांगितली. त्याच्या कागदावर एकाच नावाची जागा होती. त्यानं बाकीची समासात लिहिली.

आतल्या मशीनांचं काय झालं? दुधाच्या पावडरीनं नळ्या तुंबल्या. एक चालू आहे म्हणतात, बाकीच्यांवर हेल्मेटं ठेवतात. पाहुणे आले की एचआरचे साहेब टपरीवर थर्मास पाठवतात.

एकदा सर आणि मी बाकड्यावर बसलो होतो. सर बराच वेळ चिठ्ठ्यांचा डबा बघत होते. मग म्हणाले, "आप्पा, मालकाशिवाय काम चालवणं, ते हेच हो." मी म्हणालो, "हो, पण आपण केलं नाही. आपण ज्यांना मत देऊन बाहेर घालवलं त्यांनी केलं." सरांनी चष्मा पुसला. आमची युनियन अजून आहे, चिठ्ठ्या अजून निघतात, निरोप्ये निरोप नेतात. पण कंत्राटी माणसाची चिठ्ठी निघाली की गेटवर सगळे जरा खाली बघतात. एवढा फरक पडला.

मी निवृत्त झालो त्या दिवशी कुणी शाल आणली नाही, नारळ आणला नाही; नियमच तसा. मी गेटबाहेर आलो आणि सरळ टपरीवर गेलो. त्या दिवशी चुलीवर अक्काची पाळी होती. गिऱ्हाईक नव्हतं. मी बरेच दिवस मनात घोळवलेलं बोललो.

"अक्का, त्या दिवशी माझा हात वर होता."

"बगितला की. सगळ्यांच्या आदी वर गेलाता."

"चूक झाली माझी. आधी फेट्याची, मग हाताची. मला माफ करा."

अक्कानं चहा गाळला. गाळणं दोनदा आपटलं. मला वाटलं, आता ती तोंड करील, आणि ते मी आनंदानं ऐकून घेतलं असतं. दत्तूमामाच्या टोळीपुढं हात जोडणारा तो अडत्या मला आठवायला हवा होता, पण तो मला आठवला नाही. मी एका बाईला बाजूला गाठून मिटवायला गेलो होतो.

तिनं कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "मी एकलीनं कसं सांगू, आप्पा? आमा सा जणींचं हाय ते. इचारून सांगते."

याला दोन दिवाळ्या झाल्या. मी रोज जातो. चहा मिळतो.